पन्हाळगडची महाराणी ताराबाई

इंग्लंडचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांस थेम्स नदीच्या कांठच्या विंड्सर किल्ल्याचें नांव ठाऊक असेल. नॉर्मंडीच्या विल्यम राजानें अकराव्या शतकांत इंग्लंड जिंकलें आणि जिंकलेल्या देशावर वचक राहावा म्हणून हा किल्ला उभारला. आरंभीं तो मातीचा व लांकडाचा होता. पुढें बाराव्या शतकांत दुसऱ्या हेन्री राजानें त्यास दगडी तट व बुरूज दिले. लढाईसाठीं बांधलेला हा किल्ला कालांतरानें राजघराण्याचें निवासस्थान झाला आणि आजहि तो तसा आहे. त्याच बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज यानें कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर पन्हाळ्याचा दुर्ग बांधला. तोहि लढाईसाठींच बांधलेला होता, आणि त्याच्याहि नशिबीं पुढें राजनिवासाचा मान आला. मात्र हा मान ज्या व्यक्तीनें त्यास मिळवून दिला, तिच्या वांट्यास त्याच गडावरील सिंहासन आलें आणि त्याच गडावरील बंदिवासहि आला.

पन्हाळ्याच्या तटाचा घेर सुमारें ७ किलोमीटर भरतो. तीन दरवाजा, वाघ दरवाजा, वेढ्याच्या काळीं पाणी सुरक्षित राहावें म्हणून बांधलेली तीन मजली अंधारबाव, आणि अंबरखान्यांतील गंगा, यमुना व सरस्वती या नांवांचीं धान्याचीं तीन प्रचंड कोठारें पाहिलीं म्हणजे वेढ्यांत दीर्घकाळ तग कसा धरावा याचा विचार बांधणाऱ्यांनीं किती बारकाईनें केला होता हें ध्यानांत येतें. भोजाचा पराभव करून देवगिरीच्या यादवांनीं हा गड घेतला. त्यांच्या मागून बहामनी व नंतर विजापूरचे आदिलशहा यांचा अंमल त्यावर बसला. अफझलखानाच्या वधानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १६५९ मध्यें, शिवछत्रपतींनीं तो प्रथम जिंकला. १६६० सालीं सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून जुलैच्या एका पावसाळी रात्रीं ते निसटले. पुढें गड विजापूरकरांच्या हातीं गेला, आणि मार्च १६७३ मध्यें कोंडाजी फर्जंदानें अवघ्या ६० माणसांनिशीं तो परत मिळविला. हा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु मराठ्यांच्या काळांत या गडास राजधानीचा मान मिळवून दिला तो एका स्त्रीनें. त्या म्हणजे महाराणी ताराबाई.

ताराबाईंचा जन्म १६७५ सालचा. कऱ्हाडनजीकच्या तळबीड गांवचे हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील. शिवछत्रपतींच्या सैन्याचे ते सरनोबत होते आणि महाराजांच्या राणी सोयराबाई या त्यांच्या भगिनी. सोयराबाईंचे पुत्र राजाराममहाराज यांच्याशींच पुढें ताराबाईंचा विवाह झाला. १६८० सालीं शिवछत्रपति निवर्तले तेव्हां संभाजीमहाराज पन्हाळ्यावर होते, आणि रायगडावर राजारामांस गादीवर बसविण्याची खटपट चालली होती. त्या प्रसंगीं हंबीररावांनीं आपल्या सख्ख्या भाच्याचा पक्ष घेतला नाहीं. वडील पुत्राचा हक्क मानून ते संभाजीमहाराजांच्या बाजूस उभे राहिले, आणि त्यामुळें राज्य दुभंगण्याचें टळलें. १६८७ सालीं वांईजवळच्या लढाईंत हा वीर कामास आला. बापाची रणांगणावरील हिंमत कन्येच्या अंगीं पूर्णपणें उतरली होती. परंतु आप्तसंबंध बाजूस ठेवून राज्याची एकी राखावी हा त्यांचा दुसरा गुण कन्येनें उचलला कीं नाहीं, याचें उत्तर पुढील चरित्रांत मिळेल.

१६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला व राज्यावर मोठेंच संकट कोसळलें. त्याच वर्षीं रायगड पडला. महाराणी येसूबाई व बालशाहू मोंगलांच्या कैदेंत गेले. राजाराममहाराज पन्हाळ्यावर आले, आणि तेथून मोजक्या सोबत्यांसह वेष पालटून दूर दक्षिणेंत जिंजीच्या किल्ल्यावर गेले. राण्या मागें राहिल्या. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी रामचंद्रपंत अमात्यांनीं उचलली. ऐन तारुण्यांत ताराबाईंस राजवाड्याचें सुख मिळालें नाहीं. त्यांस मिळाला तो एका गडावरून दुसऱ्या गडावर होणारा प्रवास, रसदेची चिंता आणि हेरांच्या वार्ता. पुढें त्या जिंजीस पोंचल्या व तेथें १६९६ सालीं त्यांस पुत्र झाला. आजोबांचें नांव चालवून त्याचें नांव शिवाजी ठेवण्यांत आलें. १६९८ च्या आरंभीं जिंजी मोंगलांच्या हातीं पडली, परंतु त्यापूर्वींच राजाराममहाराज निसटून महाराष्ट्रांत परतले होते. मात्र श्रमांनीं त्यांची प्रकृति ढासळली होती. मार्च १७०० मध्यें सिंहगडावर त्यांचा अंत झाला.

त्या वेळीं ताराबाईंचें वय अवघें २५ वर्षांचें होतें व पुत्र चार वर्षांचाहि झाला नव्हता. समोर ८१ वर्षांचा औरंगजेब बादशहा स्वतः छावणी टाकून बसला होता, आणि साताऱ्यास त्याच्या फौजेचा वेढा पडलेला होता. मराठ्यांचें राज्य आतां मावळलें, असें बादशहाच्या गोटांत अनेकांस वाटलें. ताराबाईंनीं शोक आंवरला. पुत्राच्या नांवानें गादी चालवून त्यांनीं राज्यकारभार आपल्या हातीं घेतला. परशुरामपंत प्रतिनिधि, शंकराजी नारायण सचिव, धनाजी जाधव यांच्यासारखीं कर्तीं माणसें त्यांनीं कामास लावलीं. कोणत्या किल्लेदारास दारूगोळा पोंचला, कोणत्या फौजेनें कोठें जावें, कोणत्या सरदाराची समजूत घालावी, हें सर्व त्या स्वतः पाहूं लागल्या. मोंगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान हा मराठ्यांचा मित्र खचित नव्हे. पण राज्यकारभार व सैन्याची व्यवस्था यांतील त्यांचें कौशल्य त्यानेंहि मान्य केलें आहे.

त्यांची युद्धनीति समजण्यास सोपी आहे, पण आचरण्यास कठीण होती. बादशहा एका मागून एक किल्ला वेढीत चालला होता. प्रत्येक वेढ्यांत त्याचे महिने जात, माणसें व जनावरें मरत, खजिना रिता होई. मराठे किल्लेदार शक्य तितके दिवस लढत, आणि यापुढें निभाव लागणार नाहीं असें दिसतांच पुष्कळदां पैसा घेऊन व माणसें वांचवून गड खालीं करीत. बादशहाची पाठ वळली कीं संधि साधून तोच गड परत घेत. इकडे बादशहा सह्याद्रीच्या कड्यांशीं झुंजत असतां तिकडे मराठ्यांच्या फौजा त्याच्या मुलुखांत शिरत. १७०३ सालीं नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यांत उतरले. १७०६ सालीं धनाजी जाधवांनीं गुजराथेंत मोंगली फौजेचा पराभव केला. ज्यानें मराठ्यांस त्यांच्या घरांत कोंडावयाचें ठरविलें होतें, त्याच्याच घरास आग लागली.

या युद्धांत पन्हाळ्याची पाळी १७०१ सालीं आली. मार्चमध्यें मोंगलांनीं वेढा घातला. त्याच छावणींत एप्रिल महिन्यांत इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा वकील सर विल्यम नॉरिस हा व्यापाराच्या सवलती मागण्यासाठीं मोठ्या थाटानें बादशहाच्या भेटीस आला होता. त्यास मनाजोगें फर्मान मिळालें नाहीं व परतीच्या प्रवासांत तो वारला. सात समुद्रांपलीकडचा राजदूत ज्या बादशहापुढें नजराणे घेऊन उभा राहिला, त्याच बादशहास आमच्या डोंगरांतील एका गडापुढें महिनेच्या महिने तळ द्यावा लागला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मे महिन्याच्या अखेरीस वाटाघाटी होऊन पन्हाळा बादशहाच्या ताब्यांत गेला. त्यानंतर विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एक एक गड त्यानें घेतले. परंतु पन्हाळा कांहीं काळानें पुन्हां मराठ्यांकडे आला, आणि बाकीचे गडहि त्याच्या हातीं स्थिर राहिले नाहींत. अखेर थकलेला बादशहा अहमदनगरास परतला व तेथें मार्च १७०७ मध्यें मरण पावला. ताराबाईंनीं सात वर्षें त्याच्याशीं झुंज दिली होती, आणि राज्य टिकलें होतें.

एवढ्यावरच हें चरित्र संपतें, तर तें केवळ विजयाचें आख्यान झालें असतें. पण परकीय शत्रु दूर होतांच घरांतील प्रश्न उभा राहिला. मे १७०७ मध्यें मोंगलांनीं शाहूमहाराजांस कैदेंतून सोडलें. संभाजीमहाराजांचे पुत्र म्हणून गादी आपली, असें त्यांचें म्हणणें. ताराबाईंचें म्हणणें असें कीं, संभाजीमहाराजांच्या काळचें राज्य बुडालें. आतां जें आहे तें राजाराममहाराजांनीं नव्यानें उभें केलें, तेव्हां त्यावर हक्क त्यांच्याच पुत्राचा. शिवाय आलेली व्यक्ति खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असाहि त्यांनीं पुकारा केला. राज्य जगविण्यासाठीं ज्यांनीं सात वर्षें रक्त आटविलें त्यांस तें सहज सोडून द्यावेंसें वाटलें नाहीं, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु मराठ्यांनीं मराठ्यांवर शस्त्र उपसण्याची वेळ त्यामुळें आली. ऑक्टोबर १७०७ मध्यें खेडजवळ लढाई झाली. धनाजी जाधव शाहूमहाराजांस मिळाले, ताराबाईंचा पक्ष हरला, सातारा हातचा गेला, आणि जानेवारी १७०८ मध्यें तेथें शाहूमहाराजांस राज्याभिषेक झाला.

ताराबाईंनीं हार मानिली नाहीं. शाहूमहाराजांच्या फौजांनीं पन्हाळाहि घेतला. तेव्हां त्या रांगण्याकडे व तेथून कोंकणच्या बाजूस गेल्या. पाठलाग थंडावतांच त्या परतल्या, पन्हाळा त्यांनीं पुन्हां हस्तगत केला, आणि १७१० च्या सुमारास आपले पुत्र शिवाजीमहाराज यांची स्वतंत्र गादी तेथें स्थिर केली. कोल्हापूरच्या राज्याचा हा आरंभ होय. भोज राजाच्या गडावर पुन्हां दरबार भरूं लागला. कागद सुटूं लागले, वसुलाचे हिशेब होऊं लागले, सरदार मुजऱ्यास येऊं लागले. ताराबाईंच्या नांवानें ओळखला जाणारा वाडा पन्हाळ्यावर आहे, तो या कालखंडाची आठवण देतो. सर्वस्व गमावल्यावर डोंगराच्या आश्रयानें नवें राज्य उभारणें, हें त्यांच्या कर्तृत्वाचें दुसरें शिखर म्हटलें पाहिजे.

परंतु या शिखरावर त्यांस फार दिवस राहतां आलें नाहीं. राजाराममहाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई व त्यांचे पुत्र संभाजी हेहि पन्हाळ्यावरच होते. १७१४ सालीं गडावर राज्यक्रांति झाली. तोफ डागली गेली नाहीं कीं तट पडला नाहीं. आंतल्याच माणसांनीं सूत्रें फिरविलीं. राजसबाईंचे पुत्र संभाजीमहाराज गादीवर आले, आणि ताराबाई व शिवाजीमहाराज यांस त्याच गडावर कैदेंत ठेवण्यांत आलें. ज्या तटानें शत्रूस बाहेर ठेवावयाचें, त्या तटानें आतां त्यांस आंत ठेवलें. अशा स्थितींत त्यांनीं १६ वर्षें काढलीं. १७२६ सालीं शिवाजीमहाराज कैदेंतच वारले. ज्याच्या हक्कासाठीं त्या बादशहाशीं लढल्या, पुतण्याशीं लढल्या, तोच पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत असा गेला. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका मातेस याहून कठोर आघात तो कोणता?

१७३० सालीं वारणेच्या बाजूस शाहूमहाराजांच्या फौजेनें कोल्हापूरकरांचा पराभव केला, व राजघराण्यांतील स्त्रिया शाहूमहाराजांच्या हातीं लागल्या. महाराजांनीं त्यांस सन्मानानें पन्हाळ्यास परत पाठविण्याची व्यवस्था केली. ताराबाईंनीं मात्र पन्हाळ्यास जाण्याचें नाकारिलें व साताऱ्यास राहणें पत्करिलें. ज्या पुतण्यास त्यांनीं तोतया म्हटलें, त्याच्याच आश्रयास त्या गेल्या, आणि त्यानेंहि त्यांस आदरानें ठेविलें. शाहूमहाराजांच्या थोर मनाची ही साक्ष आहे. पुढील वर्षीं, एप्रिल १७३१ मध्यें, वारणेचा तह होऊन सातारा व कोल्हापूर यांच्या सीमा ठरल्या. वारणेच्या दक्षिणेचा प्रदेश कोल्हापूरकडे राहिला, आणि छत्रपतींचीं दोन घराणीं कायमचीं निराळीं झालीं.

साताऱ्यास ताराबाईंनीं १९ वर्षें शांतपणें काढलीं. शाहूमहाराजांस पुत्र नव्हता. तेव्हां वारलेल्या शिवाजीमहाराजांचा एक पुत्र गुप्तपणें वाढविलेला आहे, असें ताराबाईंनीं सांगितलें, आणि डिसेंबर १७४९ मध्यें शाहूमहाराज निवर्तल्यावर तोच रामराजा म्हणून गादीवर आला. ताराबाईंचें वय तेव्हां पंचाहत्तरीस टेकलें होतें. पण राज्यकारभार पेशव्यांच्या हातीं जात आहे हें त्यांस पाहवेना. नातू आपल्या म्हणण्याप्रमाणें वागेना असें दिसतांच २४ नोव्हेंबर १७५० रोजीं त्यांनीं त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलें. गुजराथेंतून दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीस आले, पण नानासाहेब पेशव्यांपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. तरीहि ताराबाईंनीं किल्ला सोडला नाहीं, आणि शिवछत्रपतींच्या या वृद्ध सुनेवर तोफा डागण्यास पेशवेहि धजले नाहींत. अखेर समेट झाला. सप्टेंबर १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबासमोर आणभाका झाल्या, आणि रामराजा आपला खरा नातू नव्हे असें ताराबाईंनीं शपथेवर सांगितलें. खरें काय तें त्यांचें त्यांस ठाऊक. पण त्या शपथेनें छत्रपतींच्या गादीचें तेज उणें झालें आणि पेशव्यांची सत्ता बळावली. जिनें स्वतः १६ वर्षें कैद भोगली, तिनेंच त्या तरुणास आपल्या मरणापर्यंत कैदेंत ठेविलें. चरित्रांतील हें पान मिटून ठेवावेंसें वाटतें. परंतु इतिहास वाचणाऱ्यानें तें उघडेंच ठेविलें पाहिजे.

१७६१ च्या जानेवारींत पानिपत झालें, जूनमध्यें नानासाहेब वारले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत साताऱ्यास ताराबाईंनीं देह ठेविला. त्यांचें वय ८६ वर्षांचें होतें. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्या वर्षीं त्या जन्मल्या, आणि पानिपतच्या वर्षीं गेल्या; मराठी राज्याचा उदय, संकट, विस्तार आणि आघात असें सारें त्या एका आयुष्यांत सामावलें.

ताराबाईंच्या मागें पन्हाळ्याचा राजमान चालू राहिला. संभाजीमहाराजांच्या पश्चात् त्यांच्या राणी जिजाबाई यांनीं १७७३ पर्यंत राज्याचा भार वाहिला. म्हणजे या गादीचा कारभार दुसऱ्यांदां एका कर्तबगार स्त्रीच्या हातीं आला. मराठी कविवर्य मोरोपंत यांचा जन्महि १७२९ सालीं याच गडावर झाला. १७८२ सालीं राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली. १८४४ सालीं गडकऱ्यांचें बंड झालें, तेव्हां इंग्रजांनीं तोफा लावून गड घेतला व पुष्कळशी तटबंदी पाडून टाकिली. चार दरवाजा तेव्हांच नाहींसा झाला. ताराबाईंच्या वाड्यांत पुढें मुलांची शाळा भरूं लागली. कोल्हापूर नगरींत महाराणींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत पन्हाळा आहे आणि त्यांच्या पुत्राचें जन्मस्थान जिंजीहि आहे.

विद्यार्थिमित्रहो, पन्हाळ्यास सहलीला गेल्यावर तीन दरवाज्याचें कोरीव काम आणि अंबरखान्याची भव्यता अवश्य पाहावी. पण थोडा वेळ या महाराणींचें स्मरणहि करावें. संकट दारीं आलें असतां रडत न बसतां काम हातीं घ्यावें, हें त्यांच्या पंचविसाव्या वर्षाकडून शिकावें. पराभवानंतर पुन्हां उभें राहावें, हें त्यांच्या पस्तिसाव्या वर्षाकडून शिकावें. आणि पालकांनीं व आम्ही सर्वांनीं मिळून तिसरी गोष्ट शिकावी. औरंगजेबास सात वर्षांत जें जमलें नाहीं तें आपसांतील कलहानें अल्पावधींत केलें; एका राज्याचीं दोन राज्यें झालीं. घर आपसांत फुटलें म्हणजे काय होतें याविषयींची शुभवर्तमानांतील शिकवण आमच्या शाळेंत सर्वांच्या कानीं पडलेली आहे. तिचा दाखला येथें, कोल्हापूरच्या सीमेवर, दगडांत उभा आहे. वडील हंबीररावांनीं एकदां आप्तांचा मोह बाजूस सारून राज्य एकत्र राखिलें होतें. तोच प्रसंग कन्येवर आला तेव्हां तिला तें साधलें नाहीं. तरीहि, ती नसती तर भांडावयास राज्यच उरलें नसतें, हेंहि तितकेंच खरें आहे. तिच्या गुणांपुढें मस्तक नमवावें, तिच्या दोषांपासून सावध राहावें, आणि दोन्ही मिळून एकच माणूस होतें हें विसरूं नये.